नारळाची बेटं, बांबूचे बंगले

थायलंडच्या आखातातल्या समुई बेटावर जायचं तर आजही बरेच प्रवासी सुरत थानी या शहरातून जातात. शहरातून एक नदी वाहते आणि थोडं पुढे जाऊन आखाताला मिळते. तिचं नाव तापी. हा योगायोग नव्हे. १९१५ साली सयामचा राजा वजिरावुध, म्हणजे सहावा राम, याने दक्षिणेतल्या या गावाला नवं नाव दिलं ते गुजरातेतल्या सुरतेवरून. सुरत तापीकाठी आहे, म्हणून इथल्या नदीचीही तापी झाली. थाई लिपीत हे नाव लिहिताना अक्षरं 'सुराष्ट्र'ची येतात आणि 'चांगल्या लोकांची नगरी' असा त्याचा अर्थ सांगितला जातो. भुसावळच्या पुलावरून ज्यांनी तापी पाहिली आहे, त्यांना हिंदी महासागराच्या पलीकडे तिची अशी नामसखी भेटली तर गंमत वाटेल.

या दुसऱ्या तापीच्या काठावर बान दोन नावाचा धक्का आहे. तिथून रात्री बेटांकडे बोटी सुटतात. पाठीवर सॅक घेतलेलं एखादं परदेशी जोडपं त्या बोटीत चढतं, तेव्हा त्याच्या मनातलं बेट बहुधा कोरं असतं: पांढरी वाळू, वाकलेले माड, निळं पाणी आणि आपण दोघं. प्रत्यक्षात त्या बेटांवर राजे येऊन खडकांवर आपली आद्याक्षरं कोरून गेलेले असतात, चिनी व्यापाऱ्यांनी नारळाचे हिशेब मांडलेले असतात, राजकीय कैदी डांबलेले असतात. पाचवा राम चुलालोंगकोर्न को फांगानच्या धबधब्यावर इतक्यांदा गेला, की त्या ओढ्याचं नावच 'थान सदेत' म्हणजे राजाच्या स्वारीचा ओढा असं पडलं. 'को' म्हणजे बेट. आज डायव्हिंग शिकवणाऱ्यांनी भरलेल्या को ताओवर १९४०च्या दशकात राजकीय कैदी ठेवले होते.

हे कोरं बेट आलं कुठून, त्यावर पहिली झोपडी कुणी बांधली आणि शेवटी जमीन कुणाच्या हातात राहिली, हे या लेखात तपासायचं आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. बेटाचं पुढे काय होतं, हे तिथे येणारा प्रवासी साधा आहे की चंगळखोर, यावर फारसं ठरत नाही. रस्ता, धक्का आणि विमानतळ कधी आला आणि तो येण्याआधी किनाऱ्याचा कागद कुणाच्या नावावर होता, यावर ते ठरतं. बॅकपॅकर स्वतःला 'टुरिस्ट' म्हणवून घ्यायला नाखूश असतो. बेटाच्या इतिहासात मात्र तो टुरिस्टाचा थोरला भाऊ आहे.

या प्रवासाचं आद्य जोडपं शोधायचं तर टोनी आणि मॉरीन व्हीलर यांचं नाव घ्यावं लागतं. लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या एका बाकावर १९७० साली त्यांची ओळख झाली, पुढच्या वर्षी लग्न झालं आणि १९७२मध्ये एक जुनी गाडी घेऊन दोघं पूर्वेकडे निघाले. गाडी काबूलमध्ये विकली. पुढचा प्रवास मिळेल त्या वाहनाने करत वर्षाअखेर ते सिडनीला पोहोचले, तेव्हा दोघांत मिळून २७ सेंट उरले होते. हा प्रवास कसा केला, किती खर्च आला, असं लोक सारखं विचारू लागले. त्यातून १९७३ साली 'अक्रॉस एशिया ऑन द चीप' हे घरच्या टेबलावर स्टेपल केलेलं पुस्तक निघालं आणि त्याच्याबरोबर 'लोनली प्लॅनेट' ही प्रकाशनसंस्था. पुढचा फेरफटका आग्नेय आशियात झाला. सिंगापूरच्या एका साध्या चिनी हॉटेलात बसून दोघांनी 'साउथ-ईस्ट एशिया ऑन अ शूस्ट्रिंग' लिहिलं. ते १९७५मध्ये निघालं आणि त्याच्या पिवळ्या मुखपृष्ठामुळे प्रवासी त्याला पिवळं बायबल म्हणू लागले. थायलंडवरचं स्वतंत्र पुस्तक १९८२मध्ये आलं. ते जो कमिंग्ज यांचं.

त्या काळी तरुण युरोपीयांचा ओघ मुख्यतः हिप्पी ट्रेलवर होता: इस्तंबूल, तेहरान, काबूल, मग दिल्ली, काठमांडू, आणि हिवाळ्यात गोवा. हणजुण्याच्या किनाऱ्यावरचे हिप्पी आपल्याकडच्या एका पिढीने कुतूहलाने, आणि थोडं नाक मुरडून, पाहिले आहेत. १९७९ साली इराणात क्रांती झाली, वर्षाअखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि हा खुष्कीचा मार्ग बंद पडला. पण जगाच्या त्या टोकाला जायची हौस काही बंद पडली नव्हती. विमानाची तिकिटं स्वस्त होऊ लागली होती, बँकॉक हे मोठं हवाई ठाणं होतं, आणि व्हिएतनाम युद्धाच्या काळात सुट्टीवर येणाऱ्या अमेरिकी सैनिकांमुळे थायलंडला परदेशी पाहुण्याची सवय झालेली होती. थाई भाषेत गोऱ्या माणसाला 'फरांग' म्हणतात. आपल्या 'फिरंग्या'चाच तो सख्खा भाऊ. फ्रँक लोकांवरून अरबी-फारसीत गेलेला शब्द एका वाटेने आपल्याकडे आला आणि दुसऱ्या वाटेने सयामला गेला.

बँकॉकमध्ये या फरांगांचा तळ पडला तो खाओ सान रस्त्यावर. खाओ सान म्हणजे कांडून पांढरा केलेला तांदूळ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला हा रस्ता तांदळाच्या पेठेचा. १९८२मध्ये बँकॉकला राजधानी होऊन दोनशे वर्षं झाली, त्या सोहळ्याला आलेल्या पाहुण्यांसाठी इथल्या काही घरांनी खोल्या भाड्याने दिल्या आणि बघता बघता गेस्ट हाउसांची रांग लागली. त्याच दशकात पर्यटनाने तांदळाला मागे टाकलं आणि ते थायलंडचं परकीय चलनाचं मोठं साधन झालं. तांदळाच्या गल्लीतच हे घडावं, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. पण तो विषय वेगळा.

खाओ सानहून रात्रीची गाडी पकडून दक्षिणेला सुरत थानी, तिथून बोट, असा हा मार्ग. आम्ही नवरा-बायको त्या रात्रीच्या बोटीने गेलो, तेव्हा वरच्या मजल्यावर जमिनीवर ओळीने अरुंद गाद्या मांडलेल्या होत्या आणि भिंतीवर गादीचे नंबर. खाली मात्र सिमेंटची पोती, गॅसची सिलिंडरं, अंड्यांचे ट्रे, एक फ्रीज. प्रवासी माणसं हा त्या बोटीचा जोडधंदा होता, मुख्य धंदा नव्हे. पहिले फरांग तर नारळाच्या बोटीतून बेटावर आले, असं समुईच्या इतिहासात सांगितलं जातं. ते खरं असणारच, कारण त्या काळी बेटाकडे जायला दुसरं फारसं काही नव्हतं.

समुई म्हणजे नारळ. चीनच्या हैनान बेटावरून आलेले व्यापारी आणि मच्छीमार इथे पिढ्यान् पिढ्या राहिले. नाथोन आणि बोफुट इथली जुनी लाकडी दुकानघरं त्यांचीच. बेटाच्या मधोमध जंगल चढलेले डोंगर, त्यांच्या उतारावर दुर्यान आणि इतर फळांच्या बागा आणि किनाऱ्याच्या सपाटीवर माड. नारळ काढायला माकडं. आखूड शेपटीच्या मकाक जातीच्या माकडांना लहानपणापासून शिकवून माडावर चढवायची इथली जुनी रीत आहे. २०२० साली प्राणिहक्कवाल्यांनी तिच्यावर टीकेची झोड उठवली, ब्रिटनमधल्या काही मोठ्या दुकानांनी थाई नारळाचं दूध फळीवरून काढून टाकलं, तेव्हा कुठे जगाला या कामगारांचं अस्तित्व कळलं. त्याआधी कित्येक वर्षं तीच माकडं पर्यटकांच्या फोटोत हौसेने उभी होती.

बेटाभोवती सुमारे ५० किलोमीटरचा रस्ता झाला तो १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला. त्याआधी एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर जायचं म्हणजे डोंगर चढून उतरायचा किंवा होडी करायची. रस्ता माणसांसाठी आणि नारळासाठी झाला, पण चवेंग आणि लमाई इथले लांबच लांब वाळूचे किनारे त्याने एका दमात जगाला जोडून दिले. आणि मग बंगले आले.

'बंगला' हा शब्द बंगालचा. बंगाली धाटणीचं एकमजली घर, त्यावरून इंग्रजांचं 'बंगलो', तिथून ते जगभर. मराठीत बंगला म्हटलं की गाडी, कुत्रा आणि फाटकावरची पाटी डोळ्यांसमोर येते. थायलंडच्या बेटावरचा बंगला म्हणजे माडाच्या खांबांवर उभी केलेली, विणलेल्या बांबूच्या भिंतींची, झावळ्यांनी शाकारलेली एक खोली. आत गादी, मच्छरदाणी आणि एक खिळा. बाहेर हातभर ओटी आणि झुला. न्हाणीघर मागे आणि सामायिक, पाणी बादलीने. वीज नसायची किंवा संध्याकाळी दोनतीन तास जनरेटर. बांधायला लागणारं जवळजवळ सगळं सामान त्याच वाडीत उगवलेलं.

या खोलीचं अर्थकारण समजून घ्यावं असं आहे, कारण पुढचं सगळं त्यातून निघतं. माडाच्या वाडीचा मालक नारळाच्या भावावर जगायचा, आणि तो भाव त्याच्या हातात कधीच नव्हता. माडांच्या सावलीत चारसहा झोपड्या उभ्या केल्या तर झाडं तोडावी लागत नव्हती, कर्ज काढावं लागत नव्हतं, बाहेरचा माणूस ठेवावा लागत नव्हता. घरच्या बाईने चुलीवर आणखी चार माणसांचा भात आणि मासळी चढवायची, एवढंच. पुष्कळ ठिकाणी झोपडीचं भाडं नावापुरतं असे आणि खरी कमाई जेवणावर होई. पाहुण्याने जेवायला दुसरीकडे जाऊ नये, एवढी अपेक्षा. वाडी तीच, पीक एक वाढलं.

भाडं झोपडीमागे असायचं, माणसामागे नव्हे. म्हणून ही व्यवस्था जोडप्याला सगळ्यात सोयीची. दोघांत खर्च निम्मा होतो, सामानाची राखण होते, एकटीने हिंडणाऱ्या बाईला पडणारे प्रश्न कमी पडतात. एकेकटे आलेले प्रवासी बोटीत भेटून दोघांत एक झोपडी घेत. एका खोलीत दहा-बारा खाटांची डॉर्मिटरी बेटांवर पुष्कळ उशिरा आली. ती जमीन महाग झाल्याची खूण. माडाच्या वाडीत वाळू मुबलक असताना माणसं एकमेकांच्या डोक्यावर झोपवायचं कारणच नव्हतं.

या बंगल्यांवर फार लवकर लक्ष गेलं ते जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ एरिक कोहेन यांचं. भटक्या तरुणांची ही भटकंती स्वतःच एक ठरीव व्यवस्था होत चालली आहे, तिचे ठरलेले मार्ग आणि ठरलेले अड्डे आहेत, असं त्यांनी १९७३मध्येच लिहून ठेवलं होतं. पुढे दक्षिण थायलंडच्या बेटांवर राहून त्यांनी १९८२ आणि १९८३ साली दोन निबंध प्रसिद्ध केले. पहिल्याच्या शीर्षकात या बेटांना त्यांनी 'काठावरचे स्वर्ग' म्हटलं. दुसऱ्याचं शीर्षकच 'आतले आणि बाहेरचे' असं होतं. त्यात प्रश्न धरला होता तो हा, की बंगले कोण उभारतं, बेटावरची माणसं की बाहेरून आलेला गुंतवणूकदार. पर्यटकाच्या मनाबद्दल बोलणारे पुष्कळ असतात. कोहेन यांनी मालकाचा पत्ता विचारला, हे त्यांचं मोठेपण. कॅनडातले भूगोलतज्ज्ञ बटलर यांनी १९८०मध्ये पर्यटनस्थळाच्या आयुष्याचा एक आलेख मांडला होता: शोध, स्थानिकांचा सहभाग, वाढ, साचलेपण, मग ऱ्हास किंवा नवा अवतार. तो आलेख अजून प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतो. समुईला तो बरा लागू पडतो, पण शोधापासून वाढीपर्यंत नेमकं कुणी ढकललं, ते आलेखात दिसत नाही.

समुईच्या बाबतीत ते सांगता येतं. १९८७ साली थायलंडने 'व्हिजिट थायलंड' वर्ष साजरं केलं आणि १९८९मध्ये बेटावर विमानतळ उघडला. तो सरकारने नव्हे, एका खासगी विमान कंपनीने बांधला. माडांच्या झापासारखी छपरं, भिंती नसलेली दालनं. आजही तो विमानतळ फोटोत फार देखणा दिसतो. रात्रीची गाडी आणि रात्रीची बोट यांत सोसावा लागणारा वेळ हीच आजवर बेटाची कुंपणाची भिंत होती. ज्याच्याकडे पैसा कमी आणि वेळ भरपूर, तोच ती ओलांडायचा. विमानाने ती पाडली. आता आठवड्याची रजा असलेलं जोडपं येऊ शकत होतं. त्याला बादलीचं पाणी चालणार नव्हतं, पण तो दिवसाला देणार होता ते पैसे झोपडीवाल्याच्या महिन्याइतके होते.

इथे जमिनीचा प्रश्न उभा राहतो. समुईत आणि फुकेतमध्ये एक गोष्ट हमखास सांगितली जाते. पूर्वी वाटणी करताना कसदार आतली जमीन लाडक्या किंवा कर्त्या मुलांना मिळे आणि खारी, वाळूची किनाऱ्याची पट्टी नावडत्यांच्या वाट्याला येई. पर्यटन आलं आणि नावडतीचं मीठ एकदम गोड झालं. ही कथा ऐकायला छान आहे, आणि काही घरांत तसं झालंही असेल. पण ती पुरती स्वीकारताना मी थोडी थबकते. माड वाळूत उत्तम येतो, तेव्हा समुईचा किनारा अगदीच निरुपयोगी नव्हता. शिवाय जमीन वाट्याला येणं वेगळं आणि तिचा कागद हातात असणं वेगळं. सातबाऱ्यावरच्या भानगडी ज्यांनी निस्तरल्या आहेत, त्यांना हे समजावून सांगायला नको. थायलंडमध्येही पूर्ण मालकीचा 'चनोत' आणि नुसत्या कसवणुकीचे किंवा वहिवाटीचे हलके कागद अशी उतरंड आहे. वाडवडील कसत आले एवढ्या आधारावर ज्यांची वाडी होती, त्यांना चनोतवाल्यापुढे टिकाव धरणं अवघड होतं. ज्यांच्याकडे पक्का कागद होता, त्यांच्यातल्या काहींनी झोपड्यांची हॉटेलं केली, काहींनी किनारा विकून मागच्या डोंगराकडे घर बांधलं, काहींनी दीर्घ मुदतीच्या भाड्याने दिला.

परदेशी माणसाला थायलंडमध्ये जमीन विकत घेता येत नाही. इमारतीतल्या सदनिका घेता येतात, त्याही एकूण जागेच्या ४९ टक्क्यांपर्यंत. पण कायद्याच्या पोटात वाट असते: थाई नावांची कंपनी काढायची, समभाग नामधाऱ्यांच्या नावावर ठेवायचे, व्यवहार आपण करायचा. हा पेच फक्त परदेशी पैशाचा मात्र नाही. भूमिहीन शेतकऱ्यांसाठी राखलेली जमीन फुकेतमधल्या धनिकांच्या नावावर चढल्याचं उघड झालं आणि त्या प्रकरणात १९९५ साली चुआन लीकपाई यांचं सरकार गेलं. किनाऱ्याच्या कागदाने देशाचं सरकार पाडलं, तेव्हा झुल्यात पडलेल्या जोडप्यांना त्याचा पत्ताही नसावा.

समुई महाग झालं तसे झोपडीचे प्रवासी पुढच्या बेटावर सरकले, को फांगानला. तिथे विमानतळ नव्हता, अजूनही नाही. हाद रिन किनाऱ्यावर १९८०च्या दशकाच्या मध्याला काही मोजक्या पाहुण्यांनी पौर्णिमेला नाचगाणं केलं, असं म्हणतात. त्याचा पुढे हजारोंचा मासिक मेळा झाला. गोव्याशी या मेळ्याचं नातं अगदी खरं आहे. हिवाळा हणजुण्याला काढायचा, व्हिसा संपला की बँकॉक, तिथून बेटं, असे फेरे करणारी मंडळी तेव्हा पुष्कळ होती. पौर्णिमेची ही चाल आणि पहाटेपर्यंत चालणारं ते संगीत त्यांच्याबरोबर दोन्हीकडे फिरलं. फांगानही गजबजलं तेव्हा पुढचं बेट को ताओ. २ जुलै १९९७ला थायलंडने बाथ मोकळा सोडला आणि त्याची किंमत कोसळली. आपल्या पगारात तिथे राजासारखं राहता येतं, ही बातमी युरोपातल्या विद्यार्थ्यांना त्यानंतर नव्याने कळली.

आणि याच सुमारास त्या कोऱ्या बेटाची सगळ्यात गाजलेली कथा आली. अॅलेक्स गार्लंड या तरुण इंग्रज लेखकाची 'द बीच' ही कादंबरी १९९६मध्ये निघाली. खाओ सानवरच्या गेस्ट हाउसात एका इंग्रज पोराला एक नकाशा मिळतो, आणि शेजारच्या खोलीतल्या फ्रेंच जोडप्याला बरोबर घेऊन तो एका गुप्त किनाऱ्यावर पोहोचतो. तिथे प्रवाशांची एक छुपी वसाहत आहे, आणि तिचा सगळा जीव आणखी कुणी येऊ नये यातच गुंतलेला आहे. पुढे जे होतं ते भयंकर आहे. कादंबरी खरं तर या स्वर्गशोधाची टर उडवणारी. तिच्यातलं बेट आहे समुईजवळच्या आंग थोंग सागरी उद्यानात, म्हणजे आखातात. पण २०००च्या चित्रपटासाठी डॅनी बॉईल यांनी जागा निवडली ती देशाच्या दुसऱ्या बाजूला, अंदमान समुद्रातल्या फी फी ले बेटावरची माया खाडी.

फी फी ले हे चुनखडीच्या उभ्या कड्यांचं निर्जन बेट. तिथल्या गुहांतून पाकोळ्यांची खाण्याजोगी घरटी काढायचा मक्ता चाले, एवढाच त्याचा व्यापारी उपयोग. १९८३पासून ते राष्ट्रीय उद्यानात आहे. चित्रपटवाल्यांना मात्र वाळू अपुरी वाटली. वाळू धरून ठेवणारी तिथली मूळची झुडपं उपटली गेली, किनारा यंत्रांनी सपाट केला आणि नारळाची रोपं आणून लावली. म्हणजे ज्या समुईवर माड खरोखर होते, तिथे त्यांच्या जागी हॉटेलं येत होती, आणि जिथे ते नव्हते, तिथे लावावे लागले. कारण माडावाचून उष्ण कटिबंधाचं बेट प्रेक्षकाला पटणार नव्हतं. समुद्राकडची खाडीची उघडी बाजूही पडद्यावर संगणकाने डोंगर उभे करून बुजवली. पर्यावरणवाद्यांनी आणि स्थानिक संस्थांनी १९९९मध्ये खटला भरला. किनाऱ्याची हानी झाली, हे सर्वोच्च न्यायालयाने २००६मध्ये उचलून धरलं आणि प्रकरणाचा शेवट व्हायला २०२२ उजाडलं. तेव्हा चित्रपट कंपनीने पुनरुज्जीवनासाठी एक कोटी बाथ देण्याचं मान्य केलं होतं.

पण खरी हानी चित्रीकरणाने केली नाही, चित्रपटाने केली. फी फी डोनवरून, क्राबीवरून, फुकेतवरून वेगवान बोटी येऊ लागल्या. शेवटी शेवटी त्या छोट्या खाडीत दिवसाला पाच-सहा हजार माणसं उतरत होती. बोटींचे नांगर आणि पंखे प्रवाळावर आदळत होते. १ जून २०१८ला खाडी चार महिन्यांसाठी बंद केली, मग बेमुदत. कासेत्सार्त विद्यापीठाचे सागरी जीवशास्त्रज्ञ थोन थामरोंगनावासावात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रवाळाचे तुकडे पुन्हा रुजवायचं काम हाती घेतलं. काळ्या टोकाच्या पंखांचे लहान शार्क उथळ पाण्यात परत आले. १ जानेवारी २०२२ला खाडी उघडली, ती वेगळ्या नियमांनी: बोटींनी बेटाच्या मागच्या बाजूला लागायचं, तिथून चालत यायचं, एका वेळी मोजकीच माणसं, पोहायचं नाही, आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दरवर्षी बंद. हे जमलं त्याचं कारण मला साधं दिसतं. फी फी ले उद्यानाचं आहे. तिथे कुणाची वाडी नाही, झोपडी नाही, चनोत नाही. निर्णय एका खात्याने घेतला आणि अमलात आला.

शेजारचं फी फी डोन तसं नाही. दोन डोंगरांना जोडणारी वाळूची एक सखल पट्टी, दोन्ही बाजूंना खाडी, आणि त्या पट्टीवर सगळं गाव. २६ डिसेंबर २००४ला सुनामीची लाट दोन्ही खाड्यांतून शिरली आणि पट्टीवरचं बहुतेक सगळं धुऊन नेलं. त्या दिवशी थायलंडमध्ये सुमारे ५,४०० माणसं गेली, त्यांतली निम्म्याच्या आसपास परदेशी. त्यानंतरच्या महिन्यांत शेकडो बॅकपॅकर फी फीला परत येऊन ढिगारे उपसत होते, हे त्यांच्या बाजूने नोंदवलं पाहिजे. वस्ती मागे हटवावी, पट्टी मोकळी ठेवावी, असे सरकारी बेत झाले. पण जागेचे मालक होते, त्यांची घरं आणि धंदे तिथेच होते, आणि गाव पुन्हा जवळपास होतं तिथेच उभं राहिलं.

त्याच लाटेत सुरिन बेटांवरचे मोकेन लोक वाचले. पाणी झपाट्याने मागे हटलं की 'लाबून' येते, माणसं खाणारी लाट, अशी त्यांच्या म्हाताऱ्यांची गोष्ट होती. पाणी हटलेलं पाहून ते उंचावर गेले. मोकेन आणि उराक लवोई हे अंदमान किनाऱ्याचे सागरी भटके. थाईत त्यांना 'चाव ले' म्हणजे समुद्राची माणसं म्हणतात. मलेशियाच्या सीमेजवळच्या को लिपे बेटावर उराक लवोईंची जुनी वस्ती आहे. १९०९मध्ये इंग्रज आणि सयाम यांच्यात सीमा ठरली, तेव्हा हे बेट सयामच्या बाजूला राहायला या वस्तीचा उपयोग झाला. देशाने त्यांच्या असण्याचा दाखला वापरला, पण त्यांना जमिनीचा दाखला नीट मिळाला नाही. पुढे लिपे पर्यटकांच्या नजरेत भरलं आणि त्यांच्या घरांवर, शाळेच्या नि किनाऱ्याच्या वाटेवर दुसऱ्यांचे कागद निघाले. हे वाद अजून चालू आहेत. किनाऱ्यावर सगळ्यात आधी आलेली माणसं कागदाच्या रांगेत सगळ्यात शेवटी असतात, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही.

आता या गोष्टीत आपणही आहोत. नोव्हेंबर २०२३पासून थायलंडने भारतीयांना व्हिसाची अट काढली आणि २०२४ साली एकवीस लाखांहून जास्त भारतीय तिथे गेले. मुंबईहून थेट फुकेतला विमान आहे. पुण्या-ठाण्याची नवी जोडपी फी फीच्या बोटीत शाकाहारी डबा विचारताना सहज भेटतात. त्यांच्यातली काही सॅक घेऊन, रात्रीच्या गाडीने, झोपडी शोधत जाणारीही आहेत. झोपडी मिळते, पण तिचा मालक बहुधा भाडेकरू असतो, आणि खोली झाडणारी मुलगी म्यानमारची. दोघांनी खर्च केलेल्या पैशातला किती बेटावर राहतो, हे पाहायची एक सोपी रीत आहे: जेवण कुणाच्या चुलीवरचं आहे, ते बघायचं. ज्या घरात मालकीण स्वतः भात वाढते, अशी घरं फांगानच्या उत्तरेला, समुईच्या दक्षिण टोकाला अजून सापडतात. तिथला रस्ता खराब असतो.

समुईला मुख्य भूमीशी जोडणारा समुद्रपूल बांधायचा प्रस्ताव सध्या थायलंडच्या एक्स्प्रेसवे प्राधिकरणापुढे आहे. आजारी माणसाला वेळेत इस्पितळात नेता यावं, वादळात बोटी बंद पडल्या तरी सामान यावं, ही बेटावरच्या लोकांची मागणी रास्त आहे. ती पाहुण्यांच्या एकांतासाठी नाकारणं मला पटत नाही. पूल ज्या खानोमच्या किनाऱ्यावरून निघेल, तो आज मच्छीमारांचा आणि गुलाबी डॉल्फिनांचा निवांत भाग आहे. पुलाचा पहिला खांब रोवला जायच्या आधी तिथल्या वाळूच्या पट्टीचे चनोत कुणाच्या नावावर आहेत, याची यादी जमीन कार्यालयात आजच पाहायला मिळेल.